स्वलेखनाचे विलोपन : आंतरजालीय निषेधाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना : ऐतिहासिक साधनांचा नाश बहुधा सत्तेच्या हुकमाने, आगीत किंवा उपेक्षेमुळे झाल्याचे आढळते. लेखकांनीच आपले जुने लेखन निषेध म्हणून पुसावे, हा प्रकार आंतरजालावरील चर्चापीठांवर ठळकपणे दिसला. प्रस्तुत लेखात अशा दोन घटनांचा विचार केला आहे.

घटनाक्रम : कॅलिफोर्नियात १९८५ मध्ये सुरू झालेल्या ‘द वेल’ या संगणकीय चर्चापीठाने सदस्यास त्याच्या शब्दांचा धनी मानले होते. पुढील काळात चर्चापीठांचे व्यापारी कंपन्यांत रूपांतर झाले आणि हे नाते बदलले. ‘रेडिट’ने एप्रिल २०२३ मध्ये बाहेरील उपयोजनांकडून विदावापराचे शुल्क घेण्याचे जाहीर केले. १२ जूनपासून हजारो समूहांनी आपली दारे बंद केली आणि अनेक सदस्यांनी वर्षानुवर्षांच्या नोंदी पुसल्या. मे २०२४ मध्ये ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ने ‘ओपनएआय’शी करार केला. तेथे प्रश्नकर्त्याने स्वीकारलेले उत्तर लेखकास काढता येत नाही; म्हणून काहींनी उत्तराच्या जागी निषेधाचा मजकूर लिहिला. नियंत्रकांनी मूळ मजकूर पुन्हा आणला व काही खाती तात्पुरती निलंबित केली.

विवेचन : कायद्याच्या दृष्टीने कंपनीची बाजू दुर्बल नव्हती. तेथील लेखन क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली असून तो मागे घेता येत नाही. मात्र त्याच परवान्यात लेखकाच्या श्रेयनिर्देशाची अट आहे. यंत्राने दिलेल्या उत्तरात मूळ लेखकाचे नाव हरवेल, ही सदस्यांची मुख्य तक्रार होती. विनामोबदला दिलेले ज्ञान परस्परसाहाय्यासाठी होते. विक्रीस त्यांची संमती कोणी विचारली नव्हती.

तथापि या शस्त्राचा वार चुकीच्या ठिकाणी बसतो. ‘स्टॅक ओव्हरफ्लो’च्या मजकुराच्या प्रती २००९ पासून वेळोवेळी सार्वजनिक झाल्या होत्या. त्यामुळे विलोपनाने कंपनीचे फारसे बिघडत नाही. अडतो तो उत्तर शोधणारा विद्यार्थी.

निष्कर्ष : अभ्यासकाने अशा रिकाम्या जागेकडे साधनाचा अभाव म्हणून न पाहता तिलाच साधन मानावे, मोडलेल्या विश्वासाची ती नोंद होय. ज्ञानसंचय सांभाळणाऱ्या संस्थांनी, महाविद्यालयीन नियतकालिकांनीही, लेखकाची संमती कोणत्या उपयोगापुरती आहे हे आधीच स्पष्ट करावे. उपयोग बदलल्यास त्यास पुन्हा विचारणे हे कायद्यापलीकडचे, परंतु अटळ कर्तव्य आहे.