सातपुड्याच्या पायथ्याचीं गांवें

वऱ्हाडाच्या उत्तरेस सातपुडा जेथें मैदानांत उतरतो, तेथें सोनाळा हें बुलढाणा जिल्ह्यांतील गांव वसलें आहे. संत सोनाजी महाराजांच्या यात्रेमुळें तें भोंवतालच्या मुलखास ठाऊक आहे; दूरच्या प्रवाशास मात्र शेगांवापलीकडचा हा टापू अपरिचितच राहिला.

ह्या पट्ट्यांतील गांवांचा इतिहास एकमेकांपासून तोडून सांगतां येत नाहीं. पूर्वेस नरनाळ्याचा दुर्ग आहे. त्याचा महाकाली दरवाजा १४८७ मध्यें इमाद-उल्-मुल्क ह्यानें उभारला. पुढें अकबराच्या अमदानींत वऱ्हाड सुभ्यांतील एक सरकारच नरनाळ्याच्या नांवानें ओळखलें गेलें. दुर्ग डोंगरावर खरा, पण त्याचें धान्य पिकविलें तें पायथ्याच्या काळ्या जमिनीनें. ह्याच मैदानांत, अडगांवाजवळ, २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं आर्थर वेलस्लीनें नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. वान नदीकांठीं वारीचा हनुमान आहे. हीं सारीं स्थळें एकाच प्रवासाचीं पानें होत; जिल्ह्यांच्या सीमांनीं मात्र तीं वेगवेगळ्या दप्तरांत बांधलीं.

अरण्यानें हा भेद मानला नाहीं. १९९७ मध्यें अंबाबरवा, वान आणि नरनाळा हीं अभयारण्यें जाहीर झालीं व मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पाशीं जोडलीं गेलीं. अकोला–खंडवा मीटरगेज लोहमार्ग पूर्वीं ह्याच अरण्यांतून धूळघाटाचा प्रसिद्ध वळसा घेत जात असे. तो रुंद करण्याच्या वेळीं वाघाच्या निवाऱ्याचा प्रश्न उभा राहिला आणि अरण्य टाळून सोनाळा, जामोद ह्या बाजूनें पर्यायी मार्ग आंखण्यांत आला. वाघासाठीं बाजूस सरलेली वाट अशा रीतीनें सोनाळ्याच्या वेशीकडे वळली.

आतां प्रश्न उरतो तो शेजारधर्माचा. अरण्याच्या रक्षणासाठीं मेळघाटांतील कित्येक कोरकू कुटुंबांनीं आपलीं गांवें सोडून मैदानांत नवीं घरें मांडलीं. ज्यांनीं वाघास जागा दिली, त्यांना वाघ पाहावयास येणाऱ्या पाहुण्याच्या स्वागतांत वाटा नसेल, तर तें पर्यटन कसलें? वाटाड्या कोरकू असावा, मुक्काम सोनाळ्यास व्हावा, दुर्गाची चढण शहानूरहून सुरू व्हावी, अडगांवानें आपल्या रणभूमीची कथा सांगावी. प्रत्येक गांवानें पाहुण्यास आपल्याच अंगणांत अडवूं पाहिलें, तर तो एका दिवसांत परतेल. पुढल्या गांवाची वाट दाखविली, तर चार दिवस राहील.

हें शिक्षण ह्या मुलखास नवें नाहीं. यात्रा कधींच एका गांवाच्या बळावर भरत नसते. देव एका गांवाचा असला, तरी दुकानें, भजनी मंडळी आणि माणसें पंचक्रोशीचीं असतात. ही जुनी रीत पर्यटनास लावली, म्हणजे पुरे.