नरिकुरवर

* चेन्नईलगतच्या आवडीत या समाजाची वस्ती आहे. तमिळमध्ये ‘नरी’ म्हणजे कोल्हा. शिकार हा यांचा जुना धंदा. घरात मात्र वागरीबोली चालते. ती द्राविडी नव्हे, गुजराती-मराठीच्या कुळातली. आपल्या पारध्यांची आठवण व्हावी अशी. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा ठरली आणि हातात राहिले मणी, तार, पक्कड. स्टेशनाबाहेर, जत्रेत फडकं अंथरून माळा ओवत बसतात त्या याच बायका. यांना अनुसूचित जमातींत घ्यावे, असे लोकूर समितीने १९६५ मध्येच सुचवले होते. संसदेची मंजुरी मिळाली डिसेंबर २०२२ मध्ये. समितीच्या पाच निकषांपैकी एक म्हणजे बाहेरच्या समाजाशी संपर्काचा बुजरेपणा. दिवसभर गिऱ्हाइकाशी तमिळमध्ये घासाघीस करणाऱ्या बाईने तो कुठून आणावा? वेगळी संस्कृती हाही निकष आहे, पण ती पारखणार बाहेरचा अधिकारी. जमातीच्या पंचायतीला त्यात मत नाही. हा मला उघड अन्याय वाटतो. मूळ मजकुरात या समाजाला नुसते ‘भटके’ म्हटले आहे. तेथे आता ‘अनुसूचित जमात’ असे वाचावे. — संपा.