खाडीपलीकडचे गव्हर्नर

राजांचीं चरित्रें राजधानींत बसून लिहितां येतात. राज्याचा इतिहास लिहावयाचा असेल तर वेशीबाहेर जावें लागतें. मुंबईच्या गव्हर्नरांविषयीं आजवर जें लिहिलें गेलें, त्यांतील बराच भाग किल्ल्याच्या तटाआंतून पाहून लिहिलेला आहे. कोणी तट बांधला, कोणी तो पाडला, कोणी समुद्र हटविला, कोणी शाळा स्थापिल्या, अशी ती यादी असते. ती खोटी नाहीं. परंतु अधिकाराची खरी किंमत अधिकाऱ्याच्या वाड्यांत कळत नाहीं, ती त्याच्या शेवटच्या गांवांत कळते. म्हणून प्रस्तुत लेखांत आपण हा इतिहास वाकोल्यास उभे राहून पाहूं.

आज वाकोला मुंबईंत इतका मिसळून गेला आहे कीं तो कधीं मुंबईच्या बाहेर होता हें सांगावें लागतें. मिठी नदीच्या व माहीमच्या खाडीच्या उत्तरेस साष्टी बेट. त्या बेटावरील कोळेकल्याण या जुन्या गांवाच्या शिवारांत वाकोला येतो. जमिनीच्या दप्तरांत कोळेकल्याण हें नांव अद्याप टिकून आहे. खाडीच्या दक्षिणेस मुंबई, उत्तरेस साष्टी. मधलें पाणी थोडें. पण शंभरांहून अधिक वर्षें तें दोन राज्यांची सीमा होतें.

इ. स. १६६१ च्या तहानें पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्लस राजास आंदण मिळाली. ताबा घेण्यासाठीं सर अब्राहाम शिपमन १६६२ सालीं येऊन पोहोंचला. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं बेट देण्याचें नाकारलें, आणि हा गव्हर्नर आपलें राज्य न पाहतांच १६६४ सालीं अंजदीव बेटावर मरण पावला. त्याचा चिटणीस हंफ्री कुक यास फेब्रुवारी १६६५ मध्यें मुंबई मिळाली, ती केवळ मुंबई. साष्टी पोर्तुगिजांनीं सोडली नाहीं. वाकोल्याचा धनी वसईस होता, मुंबईस नव्हता.

राजाला हें बेट जड झालें. मार्च १६६८ मध्यें त्यानें तें वर्षास दहा पौंड खंडानें ईस्ट इंडिया कंपनीस देऊन टाकिलें. या एका व्यवहारानें पुढील दोन शतकांच्या गव्हर्नरपदाचें स्वरूप ठरलें. मुंबईचा गव्हर्नर हा मूळचा सुरतेच्या वखारीचा मुख्य. कंपनीचा दुसरा गव्हर्नर जेराल्ड ऑंजिअर (१६६९ ते १६७७) हा खरा राज्यकर्ता होता. १६७२ सालीं त्यानें न्यायासन स्थापिलें, निरनिराळ्या जातीजमातींस आपापल्या पंचायती दिल्या, व्यापाऱ्यांस धर्मस्वातंत्र्याचें अभय देऊन बेटावर आणिलें. तथापि त्याचा देह सुरतेस पडला. राज्य बेटावर आणि मुख्य पेढी परमुलखांत, अशी ती विचित्र स्थिति होती.

पेढीचा हिशेब आणि राज्याचा हिशेब एकच नसतो, हें लौकरच दिसून आलें. कंपनीनें लष्कराचा खर्च कापला तेव्हां २७ डिसेंबर १६८३ रोजीं रिचर्ड केग्विन नांवाच्या कॅप्टननें डेप्युटी गव्हर्नरास कैद केलें व राजाच्या नांवानें स्वतः कारभार हातीं घेतला. जवळजवळ एक वर्ष त्यानें मुंबई चालविली. राजाची आज्ञा व माफीचें अभय येतांच, नोव्हेंबर १६८४ मध्यें, बेट परत दिलें. मुंबईच्या गव्हर्नरांच्या मालिकेंत तेथील माणसांनीं पुढें केलेला असा हा एकच पुरुष. आणि त्याची गणना बंडखोरांत होते.

येथें क्षणभर सातासमुद्रांपलीकडे पाहणें बोधप्रद होईल. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स ही वसाहतहि एका सनदी कंपनीचीच होती. परंतु १६३० सालीं त्या कंपनीचे भागीदार सनद बरोबर घेऊन स्वतःच तेथें राहावयास गेले. भागीदार तेच रहिवासी. म्हणून त्यांनीं निवडलेला जॉन विंथ्रॉप हा कंपनीचाहि गव्हर्नर आणि वसाहतीचाहि. पुढें १६९१ च्या सनदेनें तेथील गव्हर्नर राजा नेमूं लागला. तरी निवडीची स्मृति बुजली नाहीं, आणि क्रांतीनंतर १७८० सालीं जॉन हॅनकॉक हा लोकांच्या मतांनीं गव्हर्नर झाला. मुंबईच्या कंपनीचे भागीदार मात्र लंडनलाच राहिले. एकाच प्रकारच्या झाडाला दोन ठिकाणीं दोन फळें आलीं, याचें एक मोठें कारण सनद कोणाच्या पेटींत होती यांत आहे. अर्थात् मॅसॅच्युसेट्सचे ते मतदार परक्या भूमींत जाऊन वसलेले गोरे होते. मूळ रहिवाशांस तेथेंहि कोणीं विचारलें नाहीं, हें विसरतां कामा नये.

आतां पुन्हां खाडीच्या उत्तरेस येऊं. १७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें घेऊन साष्टींत प्रवेश केला आणि मे १७३९ मध्यें चिमाजीअप्पांनीं वसई जिंकली. वाकोल्याचा कारभार पेशव्यांच्या सुभेदारीखालीं आला. मुंबईकर इंग्रजांनीं वसईच्या पोर्तुगिजांस थोडी मदत केली, पण त्यांच्यासाठीं लढाई अंगावर घेतली नाहीं. आणि वसई पडल्यावर दोन महिन्यांच्या आंत मराठ्यांशीं तह केला. तटाआंतील गव्हर्नरास खाडीपलीकडे आतां दुबळा शेजारी राहिला नव्हता.

पस्तीस वर्षांनीं ही सीमा मोडली. विल्यम हॉर्नबी हा गव्हर्नर. पुण्यास नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर घरांत कलह माजलेला. पोर्तुगीज आपला जुना मुलूख परत घेण्यास आरमार पाठवीत आहेत अशी बातमी. हॉर्नबीनें डिसेंबर १७७४ मध्यें सैन्य पाठवून ठाण्याचा किल्ला घेतला, आणि साष्टी इंग्रजांच्या हातीं गेली. पाठोपाठ मार्च १७७५ मध्यें त्याच्या सरकारनें राघोबादादांशीं सुरतेचा तह केला. १७७३ च्या कायद्यानें युद्ध व तह यांसाठीं मुंबई सरकारास कलकत्त्याची संमति आवश्यक झाली होती. ती घेतली नव्हती. कलकत्त्यानें तो तह अमान्य करून १७७६ सालीं पुरंदरचा तह केला. तरी लढाई पुन्हां पेटलीच. जानेवारी १७७९ मध्यें वडगांवास मुंबईच्या फौजेस मान खालीं घालावी लागली. अखेर १७८२ च्या सालबाईच्या तहांत वसई मराठ्यांस परत मिळाली व साष्टी इंग्रजांकडे राहिली. सात वर्षें चाललेल्या त्या युद्धाचें मुंबईच्या दाराशीं पडलेलें फळ म्हणजे ही साष्टी. ज्या वर्षीं हॉर्नबीची फौज खाडी ओलांडून आली, त्याच १७७४ सालीं मॅसॅच्युसेट्समध्यें राजानें नेमलेला शेवटचा गव्हर्नर, जनरल गेज, पदारूढ झाला होता. तेथें नेमलेल्या गव्हर्नरांची परंपरा संपत होती. वाकोल्यांत ती सुरू होत होती.

या नव्या अंमलाचा अनुभव कसा होता हें जोनाथन डंकन याच्या कारकिर्दीवरून कळतें. १७९५ पासून १८११ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, तो गव्हर्नर होता. इतका दीर्घ काळ त्या पदावर दुसरा कोणी राहिला नाहीं. स्वभावानें सौम्य, देशी विद्येचा चाहता, काशीस संस्कृत पाठशाळा काढणारा हा पुरुष. १७९८ सालीं त्यानें शीव येथून साष्टीकडे बांध घालण्यास आरंभ केला व १८०५ सालीं तो पुरा झाला. खाडीच्या दोन्ही तीरांस जोडणारें हें पहिलें मोठें काम, आणि त्याचें श्रेय डंकनला दिलेंच पाहिजे.

परंतु त्याच सरकारनें १८०८ च्या सुमारास दुसरें एक काम केलें. मुंबईच्या किल्ल्यांत अपोलो दरवाज्यानजीकची एक जागा सरकारास हवी होती. ती होर्मसजी बमनजी वाडिया यांची होती. तिच्या मोबदल्यांत सरकारनें त्यांस साष्टींतील कुर्ला, मोहिली, मरोळ, सहार, असल्फे इत्यादि गांव दिले. त्यांतच कोळेकल्याण होतें. व्यवहार कायदेशीर होता. त्यांत कोणाची लबाडी नव्हती. वाडियांनीं आपली मौल्यवान् जागा देऊन मोबदला घेतला. पण गांवांतील भात पिकविणाऱ्या कुणब्याच्या, मिठागरांतील आगऱ्याच्या किंवा ख्रिस्ती शेतकऱ्याच्या बाजूनें पाहा. रात्रीं तो सरकारचा रयत म्हणून निजला आणि सकाळीं खासगी जमीनदाराचें कूळ होऊन उठला. शहरांतील एका जागेच्या बदल्यांत अनेक गांव! दुष्ट राज्यकर्त्यानें हें केलें असतें तर इतिहासानें त्यास शिव्या देऊन विषय संपविला असता. हें एका भल्या माणसानें केलें, म्हणून तें अधिक विचार करण्याजोगें आहे. ज्यास रयतेपुढें जाब द्यावा लागत नाहीं, त्याचा चांगुलपणाहि रयतेस पुरा पडत नाहीं.

हीच कसोटी पुढील थोरांसहि लावावी. माउंटस्टुअर्ट एलफिन्स्टन (१८१९ ते १८२७) याचें नांव मराठी माणूस आदरानें घेतो आणि तें योग्यच आहे. १८२७ ची कायद्याची संहिता व शिक्षणाचा पाया हीं त्याचीं कामें, आणि तो निघाला तेव्हां मुंबईकरांनीं त्याच्या स्मारकासाठीं दोन लक्ष रुपयांहून अधिक वर्गणी जमविली. पण माहीम व वांद्रें यांमधील पाण्यांत होड्या बुडत असतां बांधाच्या खर्चासाठीं सरकारची थैली उघडली नाहीं. तो खर्च जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई यांनीं दिला, सुमारे दीड लक्ष रुपये. आणि १८४५ सालीं गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर यानें त्या बांधाचें उद्घाटन केलें. दान नागरिकाचें, उद्घाटन गव्हर्नराचें!

१८५८ नंतर कंपनी गेली, राणीचें राज्य आलें, आणि विलायतेंतील सरदारांची मालिका सुरू झाली. बार्टल फ्रिअर यानें किल्ल्याचा तट पाडला. सँडहर्स्टच्या वेळीं प्लेग आला. जॉर्ज क्लार्कच्या वेळीं, १९०८ सालीं, लोकमान्य टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली. जॉर्ज लॉइड याच्या अमदानींत, १ ऑक्टोबर १९२० पासून, मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. वाकोल्याचें कचेरीचें ठिकाण ठाण्याहून वांद्र्यास आलें. १९३७ सालीं बाळासाहेब खेर यांचें लोकनियुक्त मंत्रिमंडळ आलें. १९३९ सालीं त्यानें राजीनामा देतांच १९४६ पर्यंत सर्व सत्ता पुन्हां एकट्या गव्हर्नराच्या हातीं गेली. लोकांचें राज्य एका सहीनें मिटवितां येतें, हा धडा त्या सहा वर्षांनीं शिकविला.

१९४८ सालीं राजा महाराज सिंग हे मुंबईचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९५० सालीं वाकोला मुंबई महापालिकेच्या हद्दींत आला. १ मे १९६० रोजीं श्रीप्रकाश हे नव्या महाराष्ट्राचे पहिले राज्यपाल झाले. पण मधल्या काळांतील एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत असते. राज्यपाल लोकांनीं निवडावा असें १९४७ सालीं घटनासमितींत ठरलें होतें. मे १९४९ मध्यें तो निर्णय फिरला व राष्ट्रपतीनें नेमणूक करावी असें झालें. निवडलेला राज्यपाल आणि निवडलेला मुख्यमंत्री एकमेकांशीं झगडतील, हें कारण. तें कारण पोकळ नव्हतें. एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत. मात्र त्या निर्णयाची अट अशी कीं नेमलेल्या तलवारीनें म्यानांतच राहावें. ती अट प्रत्येक वेळीं पाळली गेली असें म्हणतां येत नाहीं. २०२२ च्या सत्तांतरांत बहुमत सिद्ध करण्यास सांगणारा राज्यपालांचा आदेश सर्वोच्च न्यायालयानें ११ मे २०२३ रोजीं असमर्थनीय ठरविला.

तरीहि खाडीपलीकडून पाहणाऱ्यास एक फरक दिसल्यावांचून राहत नाहीं. वाकोल्याच्या शेजारीं कलिन्यास मुंबई विद्यापीठाची विद्यानगरी आहे, आणि राज्यपाल त्या विद्यापीठाचे कुलपति असतात. पदवीच्या कागदावर ज्यांच्या नांवानें मोहोर उठते, त्यांच्याच पूर्वाधिकाऱ्यानें हें शिवार एका जागेच्या बदल्यांत देऊन टाकिलें होतें. आज तसें करतां येणार नाहीं. याचें कारण आजचे राज्यपाल डंकनपेक्षां अधिक भले असतात हें नव्हे. कारण एवढेंच कीं वाकोल्याचा माणूस आतां मत देतो, त्याच्या मतानें विधानसभा बनते, विधानसभेस जबाबदार असें मंत्रिमंडळ बनतें, आणि त्या मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें राज्यपालांस वागावें लागतें. ही सांखळी लांब आहे व तिचा प्रत्येक दुवा जपावा लागतो. १८०८ सालीं कोळेकल्याणाच्या कुळापाशीं यांतला एकहि दुवा नव्हता.