अंकी आणि अक्षरी

चेकवर रक्कम दोनदा कशाला लिहायची, असा प्रश्न काउंटरपलीकडून अधूनमधून येतोच. उत्तर १८८१ सालच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या अठराव्या कलमात आहे: अंकी आणि अक्षरी रकमेत फरक पडला, तर अक्षरी खरी. साहेब गेला, कलम राहिलं!

संगणकापाशी मात्र सगळंच अक्षरी. तुम्ही १२५ टाइप केलेत, की ती त्याच्या लेखी रक्कम नसते, नुसती तीन चिन्हं असतात. आस्की नावाच्या कोष्टकात एकाचा नंबर ४९, दोनाचा ५०, पाचाचा ५३. प्रत्येकातून ४८ वजा करा, आधीच्या रकमेला दहाने गुणा, नवा अंक मिळवा. तेव्हा कुठे सव्वाशे होतात.

१९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. पुढे तिथे या कामावर ‘एटूआय’ नावाचा कारकून आला. गडी चपळ, पण आकड्याच्या जागी कुणाचं आडनाव दिलं, तरी मुकाट्याने शून्य लिहून मोकळा! खरं शून्य कुठलं आणि हे कुठलं, कळायची सोय नाही. मग ‘स्ट्रटॉल’ आला. तो वाचताना कुठे अडलो, तेही दाखवी. उणे नसलेल्या मोठ्या रकमांसाठी त्याचा धाकटा भाऊ ‘स्ट्रटूल’.

पण तोवर युनिक्सच्या घरात वाटण्या झाल्या होत्या. एटी अँड टीचं एक बिऱ्हाड, बर्कले विद्यापीठाचं दुसरं. १९८९ साली अमेरिकेच्या मानक संस्थेने दोघा भावांना सी भाषेत कायम केलं. तरी सन कंपनीच्या सनओएस ४ मध्ये थोरला हजर, धाकटा बेपत्ता! बदलून आलेला प्रोग्राम दारातच अडे.

तुम्ही म्हणाल, बसवा थोरल्याला धाकट्याच्या टेबलावर. पण ३२ बिटी यंत्रावर थोरल्याची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आणि धाकट्याची ४,२९,४९,६७,२९५. मधली रक्कम आली, की नियमाने चालणारा थोरला स्वतःच्या मर्यादेचा आकडा लिहितो आणि ‘मर्यादा ओलांडली’ अशी चिठ्ठी बाजूला ठेवतो. ती चिठ्ठी वाचतो कोण?

शहाणी माणसं बदलीच्या गावी स्टोव्ह बरोबर नेतात. टीसीएलसारखे प्रोग्राम तसाच धाकट्याचा एक जोड आपल्या सामानात बांधून नेत. १९९१ साली डेव्हिड मॅकेन्झी यांनी ऑटोकॉन्फ सुरू केलं. ते नव्या घरात काय आहे, काय नाही, हे आधीच तपासून देऊ लागलं.

एटूआय मात्र आजही नोकरीत आहे. अजूनही आडनावापुढे शून्य लिहितो, आणि कुणी खुलासा मागत नाही.