खिशातली हवा

हवा फुकट मिळते असे ज्याने पहिल्यांदा म्हटले, त्याने कामशेत ते वडगाव पंक्चर सायकल ढकलली नसणार. पुण्यातल्या पेठांत एके काळी हे वाक्य खपून गेले असते. तिथे दर दोन कोपऱ्यांना सायकलचे दुकान आणि दुकानासमोर साखळीने बांधून ठेवलेला पंप असायचा. (साखळी पंपासाठी की गिऱ्हाइकासाठी, हे विचारण्याची प्राज्ञा नव्हती.) पण सोमाटण्याच्या पुढे हवा डोंगरावर असते, भातखाचरांत असते, लोणावळ्याला तर खोलीच्या भाड्यात धरलेली असते, टायरमध्ये तेवढी नसते.

या सगळ्या भानगडीचे मूळ एक जनावरांचा डॉक्टर आहे. जॉन बॉइड डनलॉप हा मूळचा स्कॉटलंडचा, धंदा बेलफास्टला. पोराची तीनचाकी रस्त्यावर फार खडखडते म्हणून १८८७ साली त्याने चाकांवर रबरी नळ्या चढवल्या आणि त्यांत हवा भरली. १८८८ मध्ये पेटंट घेतले. हीच कल्पना १८४५ साली रॉबर्ट थॉमसन या दुसऱ्या एका स्कॉचाने नोंदवून ठेवली होती. पण तेव्हा ती कुणाला हवीशी वाटली नाही, आणि डनलॉपला तिचा पत्ता नव्हता. मला यातली आवडणारी गोष्ट निराळीच. डनलॉपने पहिली हवा भरली ती फुटबॉलच्या पंपाने. सायकलीला पंप लागतो हे सायकल जन्मल्यावर कित्येक वर्षांनी जगाला कळले, आणि कळले तेव्हा घरात सायकलचा पंप नव्हता! आमच्या आळीत हीच परिस्थिती पुढे शंभर वर्षे टिकली.

मग इंग्रजांनी पंप सायकलीलाच टांगला. फ्रेमच्या नळीवर दोन खुंट्या आणि त्यांत अडकवलेला हातभर लांब पंप. सोय उत्तम, पण जी वस्तू आपल्या हाताने निघते ती दुसऱ्याच्याही हाताने निघते, हा भाग विलायतेत कुणी विचारात घेतला नसावा. आमच्या काकांच्या सायकलीवर खुंट्या होत्या. पंप मी कधी पाहिला नाही. काकांनीही तो फार थोडे दिवस पाहिला होता.

परावलंबनाचे हाल काय होतात ते बघायचे तर १९१३ सालची फ्रान्सची शर्यत आठवावी. यूजेन क्रिस्तोफ हा पहिल्या फळीतला गडी पिरेनीज पर्वतातला मोठा घाट उतरत असता त्याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. बाहेरची मदत घ्यायची नाही असा नियम. सायकल खांद्यावर टाकून तो दहा-बारा किलोमीटर चालत खालच्या गावात लोहाराकडे गेला आणि भट्टीवर स्वतःच्या हाताने चिमटा सांधला. तासन् तास गेले. पंच शेजारी उभे. हातोडा एका हातात, लोखंड दुसऱ्या हातात, म्हणून एका लहान पोराने तेवढा भाता हलवला, तर पंचांनी दहा मिनिटांचा दंड ठोकला! (पुढे तो कमी केला म्हणतात. उपकारच.) म्हणजे सगळे स्वतः केले आणि माणूस अडकला तो शेवटी हवेपाशी.

आपल्याकडच्या मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढून येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. राजाच्या मागून गाडी येते, गाडीत तयार चाके असतात. आपण प्रजा. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पुरा झाला, त्यावर सायकलीला मज्जाव. तेव्हा प्रजेने जुन्या रस्त्यानेच जायचे. त्या रस्त्यावर टायरवाले आहेत, नाही असे नाही. पण त्यांचे कॉम्प्रेसर ट्रकच्या तब्येतीचे. त्यांच्यापुढे आपली ट्यूब धरणे म्हणजे तान्ह्या पोराला पंगतीला बसवणे.

तेव्हा पंप स्वतःचा, आणि तो लहान हवा. लहान का, हे मावळाने १७७९ च्या जानेवारीत दाखवून दिलेले आहे. राघोबादादांना गादीवर बसवायला कंपनीची फौज बोरघाट चढून आली. शिपाई चार हजारांच्या आसपास आणि सामानाचे बैल एकोणीस हजार. इतके ओझे घेऊन ती खंडाळ्याहून तळेगावापर्यंत कशीबशी रांगत पोचली, तर पुढे दाणागोटा जाळून ठेवलेला. माघार घेताना जड तोफा तळेगावच्या तळ्यात टाकाव्या लागल्या आणि वडगावला तह लिहून द्यावा लागला. घरचा पायाने दाबून धरायचा पंप पाठीशी बांधून राजमाचीच्या वाटेला लागणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांना मी हे तळे नेहमी दाखवतो.

पण लहान म्हणजे कसा? इथे दुकानदार रंग दाखवतो. आपण पाढे म्हणावेत. तीन सेंटिमीटर जाडीच्या पंपात दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे सात चौरस सेंटिमीटर. शर्यतीच्या बारीक टायरला शंभर पौंड दाब लागतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सात किलो. सात साते एकोणपन्नास. शेवटच्या काही हातांना एकोणपन्नास किलोचा जोर रस्त्याकडेला उकिडवे बसून लावायचा! तोच पंप दोन सेंटिमीटरचा घ्या : तीन साते एकवीस. म्हणून बारीक टायरला बारीक पंप. जाड टायरचे उलटे. त्याला चाळीस पौंड पुरतात, पण हवा ढीगभर लागते, तिथे जाड पंप बरा. बारीक पंपाने साध्या काळ्या सायकलीचे एक चाक भरायला दीडशेच्या वर हात मारावे लागतात, हे दुकानदार सांगत नाही. आखूड रबरी नळी असलेला पंप घ्यावा, नाहीतर प्रत्येक हाताबरोबर व्हॉल्व्ह मान टाकतो. हल्ली अंगठ्याएवढी गॅसची नळकांडी मिळतात. चाक क्षणात फुगते खरे, पण नळकांडे एकदाच चालते आणि तो गॅस रबरातून हवेपेक्षा लवकर निसटतो. दुसऱ्या पंक्चरला शोभेची वस्तू.

राहिला व्हॉल्व्ह. गाडीसारखा जाड, टोकाला इवलासा स्क्रू असलेला बारीक फ्रेंच, आणि आपला जुना, आत रबराची वालट्यूब असलेला, असे तीन. फ्रेंच व्हॉल्व्हचे तोंड असलेला पंप आपल्या जुन्या व्हॉल्व्हलाही बसतो. हे कुठल्याच खोक्यावर छापलेले नसते. मला ते गेल्या श्रावणात कार्ल्याच्या फाट्यावर उपयोगी पडले. गणवेशातली एक मुलगी बसलेले चाक घेऊन उभी होती. वालट्यूब तिच्या कंपासपेटीतच निघाली (पोर तयारीची!), ती बदलली आणि मी माझा अठरा सेंटिमीटरचा पंप लावला. ती मोठ्याने हात मोजू लागली. एकशे साठाला थांबली, अंगठ्याने टायर दाबून बघितला आणि म्हणाली,

“बास झालं की काका, शाळा भरल आता.”