पोटातली चौदा इंजेक्शनं आणि फ्लूची लस

मागच्या व्याख्यानात आपण देवीच्या लशीपाशी थांबलो होतो. आज लशीचा नाही, लशीबद्दलच्या एका भीतीचा इतिहास पाहू. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस असलेल्यांना फ्लूची लस देऊ नये, दिली तर आजार उफाळेल, असं अनेक डॉक्टर कित्येक वर्षं सांगत. हे आलं कुठून?

आधी आजाराबद्दल थोडं. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवर मायलिनचं वेष्टन असतं, वायरीवर प्लॅस्टिक असतं तसं. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती या वेष्टनावरच हल्ला करते. कुणाची एका डोळ्याची नजर धूसर होते, कुणाचा पाय ओढला जातो. काही आठवड्यांत सुधारतं, पुन्हा कधीतरी उफाळतं. याला रिलॅप्स म्हणतात, आणि दर वेळी सगळं भरून येतंच असं नाही. आता लस म्हणजे प्रतिकारशक्तीला मुद्दाम जागं करणं. मग शंका येणारच.

शंकेला आधारही होता, आणि त्याचा एक धागा थेट आपल्याकडे येतो. कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं! इथल्या ज्येष्ठांना वेगळं सांगायला नको. पाश्चर यांनी 1885 मध्ये दिलेली रेबीजची लस सशाच्या मज्जारज्जूपासून केलेली होती. डेव्हिड सेंपल यांनी 1911 मध्ये कसौलीला केलेली लस मेंढीच्या मेंदूपासून. भारतात ती 2005 च्या सुमारापर्यंत वापरात होती. तिच्यातून विषाणूबरोबर मेंदूचा अंशही शरीरात जाई, म्हणजे मायलिनही. परिणामी काही मोजक्या लोकांना लशीनंतर लकवा होई. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये थॉमस रिव्हर्स यांनी 1930 च्या दशकात माकडांना मेंदूचा अर्क वारंवार टोचला. विषाणू नसतानाही माकडांचं मायलिन झडलं. एमएसच्या संशोधनाचा हा पायाच ठरला, पण त्याबरोबर ‘लस आणि मायलिन’ ही जोडी डॉक्टरांच्या डोक्यात पक्की बसली. फ्लूची लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, तिच्यात मेंदूचा कणही नसतो, हे मागे पडलं.

त्यात आलं 1976. अमेरिकेत फोर्ट डिक्स छावणीत स्वाइन फ्लूने एक सैनिक गेला आणि राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सगळ्या देशाला लस द्यायचं जाहीर केलं. चार कोटींहून अधिक लोकांनी ती घेतली. साथ आलीच नाही. काहींना मात्र गिलियन-बारे हा लकव्याचा आजार झाला, लाखात साधारण एकाला, आणि डिसेंबरमध्ये मोहीम थांबवावी लागली. गिलियन-बारेमध्ये मेंदूबाहेरच्या नसांना इजा होते. एमएस हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार. पण भीती इतकं बारीक बघत नाही हो.

या सगळ्यात एक साधा प्रश्न मागे राहिला होता: लस घेतली नाही आणि फ्लूच झाला तर? विल्यम सिब्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 170 रुग्णांवर आठ वर्षं लक्ष ठेवलं. 1985 मध्ये त्यांनी मांडलं, की विषाणूजन्य आजारपणाच्या आसपासच्या आठवड्यांत रिलॅप्सचं प्रमाण एरवीच्या जवळपास तिप्पट होतं. ज्या तापापासून लस वाचवणार, तोच आजार उफाळवत होता.

1997 मध्ये लशीची थेट परीक्षा झाली. ॲरन मिलर आणि सहकाऱ्यांनी पाच केंद्रांत 104 रुग्ण घेतले. काहींना लस, काहींना लशीसारखं दिसणारं बिनऔषधी इंजेक्शन. कुणाला काय मिळालं हे रुग्णालाही ठाऊक नाही, तपासणाऱ्यालाही नाही. 28 दिवसांत लसवाल्यांपैकी तिघांना रिलॅप्स, बिनऔषधीवाल्यांपैकी दोघांना. सहा महिन्यांनंतरही फरक नाही. 104 हा आकडा लहान आहे, हे आम्हीही मान्य करतो. पण 2001 मध्ये युरोपातल्या 643 रुग्णांच्या अभ्यासातही लशीमुळे रिलॅप्स वाढल्याचं दिसलं नाही. 2019 मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने स्पष्ट सांगितलं: दुसरी काही वैद्यकीय अडचण नसेल, तर एमएस असलेल्यांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी.

गंमत अशी, की आता प्रश्न उलटा झालाय. लस आजार उफाळवेल का, यापेक्षा ती पुरेशी लागू पडेल का, याची काळजी जास्त. ऑक्रेलिझुमॅबसारखी औषधं बी-पेशी कमी करतात, त्यामुळे लशीचा प्रतिसाद मंदावतो. म्हणून इंजेक्शनची तारीख औषधाच्या डोसाशी जुळवावी लागते. नाकात फवारायची जिवंत लस, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर टाळतात. आणि पुस्तकांतला ‘ऑक्टोबर’ हा त्यांच्या हिवाळ्याचा हिशेब. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, 2009 च्या ऑगस्टमधलं पुणे आठवा. तेव्हा आपल्या न्यूरॉलॉजिस्टला हा प्रश्न विचारायचा तर मृगाच्या आधी विचारा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.