इयत्ता तिसरी, पातळी अक्षर

शाळेत नाव आहे, हजेरी लागते आहे, दरवर्षी इयत्ता पुढे सरकते आहे, पण समोर ठेवलेला चार ओळींचा परिच्छेद वाचता येत नाही, अशी मुले आपल्या प्राथमिक शाळांत पूर्वीपासून आहेत. शिक्षणखात्याचे लक्ष त्यांच्याकडे मात्र फार उशिरा गेले. विसाव्या शतकाच्या मोठ्या भागात चिंता होती ती शाळेत न आलेल्या किंवा शाळा सोडून गेलेल्या मुलांची. १९२९ च्या हार्टोग समितीने गळती आणि स्थगिती असे दोन दोष नोंदवले. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या शंभर मुलांपैकी वीससुद्धा १९२५-२६ मध्ये चौथीत पोहोचली नव्हती. बाकीची शाळेतून गेली किंवा नापास होऊन त्याच वर्गात बसून राहिली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगालाही हेच दुखणे पुन्हा मांडावे लागले. पुढे खालच्या वर्गांत नापास करणे हळूहळू बंद झाले आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने ही सवलत आठवीपर्यंत नेली. मूल आता अडून राहत नव्हते, पण न वाचताच पुढच्या इयत्तेत जात होते.

इयत्ता ही कल्पना मराठी मुलखात फारशी जुनी नाही. पंतोजींच्या शाळेत वर्ग नसत. धुळाक्षरे गिरवणारा, बाराखडी घोकणारा आणि मोडीचा कित्ता वळवणारा अशी निरनिराळ्या टप्प्यांवरची मुले एकाच ओसरीवर बसत. ज्याचे जेवढे झाले असेल तेथून त्याचा पाठ पुढे चाले आणि धाकट्यांना थोरली मुले शिकवत. त्या शाळेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिथे मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्या जातींना दार बंद होते, पाठांतर आणि छडी हेच मुख्य साधन होते. पण मुलाला जे येते त्याच्या पुढचेच त्याला शिकवायचे, ही गोष्ट तिथे गृहीत होती. सरकारी शाळांबरोबर वयावर आधारलेली इयत्ता आली, इयत्तेबरोबर ठरलेले पुस्तक आले. २७ जानेवारी १९६७ रोजी ‘बालभारती’ स्थापन झाल्यावर राज्यभर एका इयत्तेला एक पुस्तक मिळाले, आणि स्वस्त व चांगली पुस्तके खेड्यापाड्यांत पोहोचली ही मोठीच गोष्ट होती. मात्र त्याबरोबर पोर्शन पूर्ण करण्याची सक्तीही शिक्षकाच्या मानेवर बसली. पहिलीत ज्याची अक्षरे कच्ची राहिली, त्याला ती शिकवण्यासाठी तिसरीच्या वेळापत्रकात एकही तास नव्हता.

शाळेच्या चौकटीबाहेर काही माणसांनी ही अडचण फार आधी ओळखली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला काम केले. गुरे चारायला जाणाऱ्या मुलांसाठी त्यांनी शाळाच कुरणात नेली. फलटणला भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी दलित वस्तीतल्या, शाळेबाहेर पडलेल्या आणि मागे राहिलेल्या मुलांना वाचायला शिकवता शिकवता मराठी वाचनाच्या अध्यापनाचा कसून विचार केला. त्यातूनच १९८६ मध्ये तिथे ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा उभी राहिली.

त्या विचाराच्या मुळाशी लिपीचा प्रश्न होता. मुळाक्षरांचा क्रम उच्चारस्थानांप्रमाणे लावलेला आहे आणि व्याकरणाच्या दृष्टीने तो अतिशय सुंदर आहे. सहा वर्षांच्या मुलाला मात्र त्या क्रमात ङ आणि ञ फार लवकर भेटतात, आणि त्यांनी सुरू होणारा एकही शब्द त्याच्या बोलण्यात नसतो. जुन्या रीतीप्रमाणे सगळी व्यंजने संपेपर्यंत काना-मात्रा येत नाहीत. त्यामुळे पहिलीचे वर्ष ‘कमळ’, ‘नळ’, ‘गवत’ अशा बिनकान्याच्या शब्दांवर निघून जाते. आई, बाबा, मामा, भाकरी यांतला एकही शब्द वाचता येत नाही. याउलट क, म, ल, न एवढी चारच अक्षरे आणि एक काना घेतला तरी काम, कान, नाक, माल, मामा, नाना, लाल, कमान असे शब्द पहिल्या पंधरवड्यातच वाचता येतात. अक्षरांचे असे लहान गट करून त्यांच्याबरोबरच स्वरचिन्हे शिकवण्याची पद्धत महाराष्ट्रातल्या अनेक प्रयोगशील शाळांनी आणि संस्थांनी उचलली. वाचनातून अर्थ हाती लागतो हे मुलाला पहिल्या महिन्यात कळते की दोन वर्षांनी, यावर पुढचे बरेचसे ठरते.

मुंबईत हा प्रश्न मोठ्या आकाराने समोर आला. १९९० च्या दशकाच्या मध्यावर युनिसेफ, महानगरपालिका आणि शहरातले नागरिक यांच्या पुढाकाराने ‘प्रथम’ ही संस्था सुरू झाली. रसायनशास्त्राचे प्राध्यापक माधव चव्हाण आणि समाजकार्याच्या प्राध्यापक फरीदा लांबे हे तिचे संस्थापक. सुरुवात झोपडपट्ट्यांतल्या बालवाड्यांपासून झाली. मोठी इमारत नाही, खर्च थोडा, वस्तीतलीच मुलगी शिकवणारी आणि जागा म्हणजे कुणाचे तरी घर, देऊळ किंवा मंडळाची खोली. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड अशा माध्यमांच्या पालिका शाळांत ही मुले पुढे जाऊ लागली, तेव्हा तिसरी-चौथीतल्या कितीतरी मुलांना पहिलीचेही वाचता येत नाही हे कार्यकर्त्यांच्या लक्षात आले.

१९९८ मध्ये सुरू झालेला ‘बालसखी’ उपक्रम हे त्यावरचे उत्तर होते. बालसखी म्हणजे वस्तीतलीच, दहावी-बारावीपर्यंत शिकलेली तरुणी. वर्षाच्या सुरुवातीला तिला सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण मिळे आणि महिन्याचे मानधन पाचशे ते साडेसातशे रुपये. वर्गातली सगळ्यात मागे राहिलेली पंधरा-वीस मुले घेऊन ती चार तासांच्या शाळेतले दोन तास वेगळी बसे. वर्ग रिकामा असेल तर वर्गात, नसेल तर व्हरांड्यात किंवा जिथे जागा मिळेल तिथे. शिकवायचे ते पहिली-दुसरीचे, म्हणजे अक्षरे, शब्द, अंक, बेरीज. तिच्याकडे डी.एड. नव्हते, पण मुलांची घरे तिला माहीत होती, त्यांची बोली ती बोलत होती आणि त्या दोन तासांत पोर्शनची भीती नव्हती.

या उपक्रमाची परीक्षा २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोदा इथे झाली. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडेन या अर्थतज्ज्ञांनी काही शाळांत बालसखी तिसरीला दिली, काही शाळांत चौथीला, आणि दोन्हीकडच्या मुलांची तुलना केली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वाढ स्पष्ट दिसली आणि ती तळाच्या मुलांत सर्वाधिक होती. त्यातली दुसरी गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. ही मुले दोन तास बाहेर गेल्यावर मूळ वर्गात मुले कमी उरत, तरी त्या वर्गातल्या मुलांची प्रगती काही वाढली नाही. वर्ग लहान झाला, शिकवणे तेच राहिले. कार्यक्रम संपल्यानंतर एका वर्षाने पाहिले तेव्हा बालसखीच्या मुलांनी मिळवलेल्यातलेही बरेच ओसरले होते. मूल परत त्याच पुस्तकासमोर बसले होते. हा अभ्यास यशाचा दाखला म्हणून जगभर गेला, पण शाळेच्या दृष्टीने त्यातला हाच भाग अधिक महत्त्वाचा होता.

दरम्यान ‘प्रथम’ची शिकवण्याची पद्धतही घडत गेली. आधी एका पानाची चाचणी. पानावर सुटी अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मुलाला प्रथम परिच्छेद देतात. जमला तर गोष्ट, अडखळला तर शब्द, तेही जमले नाहीत तर अक्षरे. शब्द किंवा अक्षरे पाचांपैकी चार बरोबर आली की ती पातळी त्याला येते असे धरतात. एका मुलाला काही मिनिटे पुरतात, आणि निकाल आईवडिलांनाही तिथल्या तिथे डोळ्यांनी दिसतो. मग इयत्ता बाजूला ठेवून गट पाडतात, अक्षर पातळीचा, शब्द पातळीचा, परिच्छेद पातळीचा. अक्षर पातळीच्या गटातही दिवसाची सुरुवात गोष्टीने होते. शिक्षिका ओळीवर बोट ठेवत गोष्ट वाचते, मुले मागोमाग म्हणतात, त्यावर गप्पा होतात. मग भिंतीवरचा बाराखडीचा तक्ता मोठ्याने म्हणायचा. आडव्या ओळीत क का कि की, उभ्या ओळीत का खा गा घा. उभी ओळ म्हणताना काना सगळीकडे एकच काम करतो हे मुलाला आपोआप उमगते, आणि शेकडो अक्षरे सुटी पाठ करण्याचे ओझे एका नियमात मावते. नंतर तक्त्यावरची अक्षरे जोडून शब्द करायचे, ते जमिनीवर खडूने लिहायचे, आणि शेवटी मनाने काहीतरी लिहायचे, चुका झाल्या तरी. ठरलेल्या दिवसांनी पुन्हा चाचणी होते आणि मूल वरच्या गटात जाते.

तीच एका पानाची चाचणी घेऊन २००५ पासून ‘असर’ हे देशव्यापी ग्रामीण सर्वेक्षण सुरू झाले. ते शाळेत न जाता घरोघर जाऊन होते, गैरहजर मुलेही त्यात यावीत म्हणून. पाचवीतली जवळजवळ निम्मी मुले दुसरीचे वाचू शकत नाहीत, हे वाक्य तेव्हापासून संसदेत आणि वर्तमानपत्रांत दरवर्षी ऐकू येऊ लागले. २००७ मध्ये ‘रीड इंडिया’ मोहीम निघाली आणि पद्धत इतर राज्यांत गेली.

तिथे खरी कसोटी लागली. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ मध्ये गावच्या स्वयंसेवकांनी शाळा सुटल्यावर वाचनवर्ग चालवले. आलेली मुले वाचायला शिकली, पण गावातल्या शंभरातली जेमतेम आठ आली, आणि मागे पडलेली अनेक त्यात नव्हतीच. बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळी सुट्टीत सरकारी शिक्षकांनीच वर्ग घेतले, मुलांची प्रगती झाली. शाळा सुरू झाल्यावर तशाच शिक्षकांना प्रशिक्षण आणि साहित्य दिले, तर फरक पडला नाही, कारण ते परत पुस्तक संपवायला लागले होते. उत्तराखंडात स्वयंसेवक शाळेत पाठवले, तेव्हा त्यांना साधे मदतनीस शिक्षक म्हणून वापरले गेले. शिक्षकाला येत नाही, हा आरोप या अनुभवांपुढे टिकत नाही. शाळेच्या दिवसात या कामाला हक्काची जागा नव्हती. हरियाणात २०१२-१३ मध्ये रोजचा एक तास ठरवून दिला, त्या तासात इयत्ता मोडून गट केले आणि शाळासमूहांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना ते पाहायला लावले, तेव्हा सरकारी शिक्षकांच्या हातूनही मुले पुढे गेली. उत्तर प्रदेशात २०१३-१४ मध्ये दहा आणि वीस दिवसांची शिबिरे झाली, त्यातली वाढ सगळ्यात मोठी ठरली. पुढे ही रीत झांबियासह आफ्रिकेतल्या काही देशांनी घेतली. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यामागे असे प्रयोग होते.

महाराष्ट्र सरकारने २२ जून २०१५ च्या निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आणला. पायाभूत चाचण्या सुरू झाल्या आणि प्रत्येक मूल शिकले पाहिजे हे सरकारी भाषेत प्रथमच इतक्या ठामपणे आले. त्या काळात साताऱ्याजवळचे कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, राज्यभरच्या शिक्षकांचे तीर्थक्षेत्र झाले. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने तिथल्या जिल्हा परिषद शाळांनी फरशीवर तक्ते रंगवले, मणी आणि काड्या मुलांच्या हातात दिल्या. अनेक ठिकाणी नंतर फरशी रंगली आणि शिकवणे जुनेच राहिले, हेही खरे.

पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्याचे चित्र अधिक खोलात कळते. नीलेश निमकर यांच्या ‘क्वेस्ट’ संस्थेचे काम तिथे आहे. शैलजा मेनन यांच्या नेतृत्वाखाली २०११ ते २०१६ या काळात वाड्यातल्या मराठी आणि कर्नाटकातल्या यादगीरच्या कन्नड शाळांतील मुलांच्या वाचनाचा दीर्घ अभ्यास झाला. पहिलीचे वर्ष सुट्या अक्षरांत जाते, अर्थाकडे आणि स्वतःच्या लेखनाकडे लक्ष जात नाही, आणि सुरुवातीला मागे पडलेले मूल नंतर सहसा भरून काढत नाही, असे त्यात दिसले. वाड्यात अनेक घरांत वारली, कातकरी बोलली जाते. पुस्तकातली प्रमाण मराठी या मुलांना अर्धी परकी असते, तेव्हा अक्षर ओळखूनही शब्दाची ओळख पटत नाही. आश्रमशाळांतील मागे राहिलेल्या मुलांसाठी ‘क्वेस्ट’ने ‘अनुपद’ हा कार्यक्रम चालवला तो याच समजुतीवर. अध्ययन अक्षमतेचा प्रश्न यापासून वेगळा. त्यासाठी मुंबईत १९९६ मध्ये ‘महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन’ स्थापन झाली. कधी नीट शिकवलेच न गेलेले मूल आणि शिकवूनही अक्षरांशी झगडणारे मूल यांची गल्लत मराठी शाळांत आजही सर्रास होते, आणि नुकसान दोघांचेही होते.

करोनाच्या टाळेबंदीने शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या. सरकारी शाळांत तिसरीत असून दुसरीचे वाचू शकणारी मुले ‘असर’प्रमाणे देशात २०१८ मध्ये २०.९ टक्के होती, २०२२ मध्ये १६.३ टक्के झाली आणि २०२४ मध्ये २३.४ टक्क्यांवर आली. केंद्राने ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ जाहीर केले. २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरीअखेर वाचता यावे, हे त्याचे उद्दिष्ट. त्याखाली महाराष्ट्रात मार्च २०२५ मध्ये दुसरी ते पाचवीसाठी कृती कार्यक्रम निघाला. मुलांचे अध्ययनस्तर तपासायचे, स्तराप्रमाणे सराव घ्यायचा आणि गावकऱ्यांसमोर चावडी वाचन करायचे, असे त्याचे स्वरूप ठेवले गेले. वाचता येऊ लागलेल्या मुलाला चावडीवर कौतुक मिळते. अक्षर पातळीवरच्या मुलाला तिथे उभे करायचे की आधी त्याला रोजचा तास द्यायचा, हा निर्णय मात्र त्या त्या शाळेच्या शिक्षकावर येतो, आणि दोन शिक्षकांच्या, चार इयत्तांच्या शाळेत तो तास काढणे अजूनही सगळ्यात अवघड काम आहे.